आठही सर्व्हर एकसारखे आहेत, हे कशावरून?

१ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू होणार होती. नाइट कॅपिटल ही तिथली मोठी ब्रोकर कंपनी. या योजनेत भाग घेण्यासाठी तिने ऑर्डर पाठवणाऱ्या आपल्या प्रणालीत बदल केले आणि आधीच्या काही दिवसांत नवा कोड आठ सर्व्हरवर टप्प्याटप्प्याने चढवला. सातांवर तो नीट पोचला, आठव्यावर चढवायचा राहून गेला. त्या आठव्या सर्व्हरवर 'पॉवर पेग' नावाचा, २००३ पासून वापरात नसलेला कोड अजून पडून होता. नव्या योजनेसाठी जो फ्लॅग, म्हणजे कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण, निवडला होता, तोच पूर्वी हा जुना कोड चालू करायला वापरत. सकाळी बाजार उघडला आणि तो कोड जागा झाला. ग्राहकांच्या अवघ्या २१२ ऑर्डरींपोटी प्रणालीने १५४ कंपन्यांच्या शेअरांत चाळीस लाखांहून जास्त सौदे केले. सुमारे ४५ मिनिटांनी हा प्रकार थांबला. कंपनीचा तोटा ४६ कोटी डॉलरच्या पुढे गेला.

अमेरिकेच्या रोखे आयोगाने पुढच्या वर्षी दिलेल्या आदेशात हा सगळा क्रम नोंदवला आहे. त्यातला एक तपशील मला सर्वांत जास्त टोचतो. गोंधळ चालू असताना कंपनीच्या लोकांनी उपाय म्हणून बरोबर काम करणाऱ्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला. म्हणजे जो दोष एका सर्व्हरवर होता, तो आठांवर गेला. आठवा सर्व्हर इतरांपेक्षा वेगळा आहे, हे तोवर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

एक माणूस विसरला, असं म्हणून हा विषय मिटवता येत नाही. माणूस विसरणारच. आठ ठिकाणी तेच काम हाताने करायचं असेल तर आज ना उद्या एक जागा सुटणार, हे धरूनच चालावं लागतं. सुटलेली जागा दिसायला हवी होती, आणि ती दाखवणारं काही नव्हतं. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट या नावाने ओळखली जाणारी साधनं मुख्यतः यासाठी आहेत. वेळ वाचतो, हा त्यांचा दुय्यम फायदा.

नवा सर्व्हर हाती येतो तेव्हा जवळजवळ कोरा असतो. भाड्याचा असो की आपल्याच रॅकमधला, त्यात फार तर उबुंटू किंवा तशीच एखादी लिनक्स चढवलेली असते. तो कामाला लागण्याआधी टीममधल्या लोकांची खाती उघडायची, त्यांच्या एसएसएच की (दुरून सुरक्षितपणे लॉगिन करायच्या डिजिटल किल्ल्या) ठेवायच्या, रूटचं, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचं, थेट लॉगिन बंद करायचं, घड्याळ नेटवर्कवरच्या वेळेशी जुळवायचं, फायरवॉलमध्ये हवे तेवढेच पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचे मार्ग) उघडे ठेवायचे, एनजिनएक्स हा वेब सर्व्हरचा प्रोग्रॅम इन्स्टॉल करून त्याची कॉन्फिगरेशन फाइल लिहायची, सर्टिफिकेट बसवायचं, लॉगने डिस्क भरून जाऊ नये याची तजवीज करायची, बॅकअप लावायचा. या सगळ्याला मिळून प्रोव्हिजनिंग म्हणतात.

एकाच सर्व्हरचं हे काम हाताने करायला एखादी दुपार पुरते. अडचण येते ती काही महिन्यांनी. रात्री साइट बंद पडते, कोणीतरी तिसऱ्या सर्व्हरवर लॉगिन करून एक मर्यादा वाढवतं, साइट उठते आणि सगळे झोपायला जातात. पाचव्यावर चाचणीसाठी उघडलेला पोर्ट उघडाच राहतो. सातवा उशिरा घेतलेला, म्हणून त्यावर एनजिनएक्सची पुढची आवृत्ती असते. त्या त्या वेळी प्रत्येक बदल योग्यच होता, पण कागदावर एकसारखे दिसणारे आठ सर्व्हर आता प्रत्यक्षात आठ तऱ्हेचे झालेले असतात. याला ड्रिफ्ट म्हणतात. मग तक्रार येते की पान उघडत नाही. आपण पाहतो तर ते उघडतं, कारण येणारं काम सर्व्हरांत वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरने आपल्याला दुसऱ्याच मशीनकडे पाठवलेलं असतं. अशा दोषाचा माग काढताना दिवस जातात.

यावर शेल स्क्रिप्ट, म्हणजे एकापाठोपाठ चालणाऱ्या कमांडची फाइल, लिहावी, असं आधी सगळ्यांनाच सुचतं. कोऱ्या मशीनवर ती छान चालते. पण अर्ध्यावर नेट तुटलं, आणि तीच स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवली तर? जे खातं आधीच उघडलेलं आहे ते उघडायला गेल्यावर एरर येते. कॉन्फिगरेशन फाइलच्या शेवटी जोडायची ओळ दुसऱ्यांदा जोडली जाते. याचं कारण, स्क्रिप्टमध्ये आपण कृती सांगितलेली असते. 'टाकीत दहा बादल्या ओत' असं सांगितलं तर शब्दाला जागणारा माणूस भरलेल्या टाकीतही दहा बादल्या ओतेल. 'टाकी भरलेली ठेव' म्हटलं तर तो आधी झाकण उघडून पाहील, आणि टाकी भरलेली असेल तर तसाच परत येईल. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटच्या साधनांना आपण असं दुसऱ्या प्रकारे सांगतो. शेवटी काय असायला हवं ते लिहायचं. आत्ता काय आहे ते साधन तपासतं आणि जेवढा फरक असेल तेवढाच मिटवतं. एकदा चालवलं काय आणि दहादा चालवलं काय, सर्व्हर त्याच स्थितीत राहतो. या गुणाला आयडेम्पोटन्स म्हणतात, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

हा विचार जुना आहे. ओस्लो विद्यापीठात भौतिकशास्त्रात संशोधन करणाऱ्या मार्क बर्जेस यांच्याकडे तऱ्हेतऱ्हेच्या युनिक्स मशीन सांभाळायचं काम होतं. प्रत्येकीसाठी वेगळी स्क्रिप्ट लिहिण्याऐवजी त्यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन तयार केलं. ते मशीनला दर फेरीला हव्या त्या स्थितीच्या जवळ नेत राहायचं. सीएफइंजिन वापरून पाहिलेल्या ल्यूक कानीज यांनी २००५ मध्ये पपेट आणलं, २००९ मध्ये शेफ आलं, २०११ मध्ये सॉल्ट, आणि २०१२ मध्ये मायकेल डीहान यांचं अ‍ॅन्सिबल. २०१५ मध्ये अ‍ॅन्सिबल रेड हॅटने विकत घेतलं. आज नव्याने शिकणाऱ्या छोट्या टीमने अ‍ॅन्सिबलपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे, कारण सर्व्हरवर आधी वेगळं काही बसवावं लागत नाही. एसएसएचने पोचता आलं आणि तिथे पायथॉन असलं की पुरे.

अ‍ॅन्सिबलमध्ये आधी इन्व्हेंटरी नावाची फाइल लागते. आपल्याकडे कोणते सर्व्हर आहेत आणि कोणता कुठल्या गटात मोडतो, याची ती यादी: हे आठ वेब, हे दोन डेटाबेस. दुसरी फाइल म्हणजे प्लेबुक. ती यामल नावाच्या साध्या मांडणीत लिहितात. तिच्यात एकाखाली एक टास्क असतात आणि वाचायला त्या सोप्या असतात. एनजिनएक्स हे पॅकेज असावं. ही कॉन्फिगरेशन फाइल या मजकुराची, मालक रूट, परवानगी ०६४४ अशी असावी. एनजिनएक्सची सर्व्हिस चालू असावी, आणि मशीन रिस्टार्ट झाल्यावर तिने आपोआप उठावं. प्रत्येक टास्कमागे एक मॉड्यूल असतं, आणि 'आधी बघ, मग हात लाव' हे शहाणपण त्या मॉड्यूलमध्ये लिहिलेलं असतं.

सर्व्हर एकसारखे असले तरी प्रत्येकाचा आयपी वेगळा, एखाद्याच्या प्रोसेसरचे कोअर जास्त. त्यासाठी फाइलींचे टेम्प्लेट ठेवतात. मजकूर एकच, मध्ये रिकाम्या जागा. अ‍ॅन्सिबल सुरुवातीला प्रत्येक मशीनची माहिती गोळा करतं आणि त्या जागा भरतं. अशा प्रकारे जो फरक हवा आहे तो लिहिलेला राहतो, आणि लिहिलेल्या ठिकाणी न सापडणारा प्रत्येक फरक नको असलेला ठरतो.

प्लेबुक चालवल्यावर प्रत्येक टास्कपुढे निकाल येतो. आधीच ठीक असेल तर हिरव्या अक्षरांत, बदल करावा लागला तर पिवळ्या, फसलं तर लाल. शेवटी प्रत्येक सर्व्हरचा हिशेब येतो. प्लेबुक चांगलं लिहिलं आहे की नाही, हे पाहायची कसोटी सोपी आहे: लगेच दुसऱ्यांदा चालवा. एकही पिवळी ओळ दिसता कामा नये. दिसली, तर ती टास्क दर वेळी काहीतरी बदलते आहे. बहुतेक वेळा तिथे कोणीतरी घाईत शेल कमांड चिकटवलेली सापडते. कमांड आधी काही बघत नाही. ती कधी चालवायची नाही, ते आपणच सांगावं लागतं, उदाहरणार्थ 'ही फाइल आधीच असेल तर पुढे जा'. हिरव्या ओळींची सवय झाली की पिवळी ओळ बातमी ठरते. तिसऱ्या सर्व्हरवर रात्री कोणी मर्यादा वाढवली होती, ते अशा पिवळ्या ओळीने कळतं.

आता ज्या जागी बहुतेक जण अडखळतात, तिथे थोडं थांबतो.

पहिली जागा म्हणजे काढून टाकणं. टीममधलं कोणी नोकरी सोडून गेलं की आपण प्लेबुकमधून त्या व्यक्तीच्या खात्याची टास्क पुसतो आणि निश्चिंत होतो. सर्व्हरवर मात्र काहीच बदलत नाही. खातं आहे, की आहे, लॉगिन चालू आहे. प्लेबुकमध्ये ज्याचा उल्लेख नाही, त्याकडे अ‍ॅन्सिबल बघत नाही. खातं घालवायचं तर 'हे खातं नसावं' अशी टास्क लिहावी लागते, आणि ती आठही सर्व्हरवर चालेपर्यंत ठेवावी लागते. एसएसएच कीच्या बाबतीत 'याच की असाव्यात, इतर सगळ्या काढाव्यात' असं सांगायची सोय आहे. ती जरूर वापरावी, कारण कधीतरी हाताने टाकलेली, कोणाची ते कोणालाच न आठवणारी की तिनेच निघते.

दुसरी जागा हँडलरची. कॉन्फिगरेशन फाइल बदलली तरच सर्व्हिस रिस्टार्ट करायची, उगाच नाही, यासाठी हँडलर असतात. ते साधारणपणे सगळ्या टास्क संपल्यावर चालतात. समजा फाइल बदलली, हँडलरला निरोप गेला, आणि पुढची टास्क फसून त्या सर्व्हरवरचं काम तिथेच थांबलं. हँडलर चाललाच नाही. आपण चूक दुरुस्त करून प्लेबुक पुन्हा चालवतो. या वेळी फाइल आधीच नवी आहे, म्हणून टास्क हिरवी, म्हणून निरोप नाही, म्हणून रिस्टार्ट नाही. डिस्कवर नवी फाइल आणि मेमरीत जुनी सेटिंग, अशी स्थिती राहते आणि अहवाल सगळा हिरवा दिसतो. यावर उपाय आहे: काम मध्ये फसलं तरी निरोप मिळालेले हँडलर चालवावेत, असं सांगता येतं. पण हा धोका माहीत असल्याशिवाय तो पर्याय कोणी शोधत नाही.

तिसरी, पॅकेजच्या आवृत्तीची. 'एनजिनएक्स सर्वांत नवं असावं' असं लिहिणं सोयीचं वाटतं. सोमवारी उभ्या केलेल्या सर्व्हरवर एक आवृत्ती येते, पुढच्या महिन्यात उभ्या केलेल्यावर दुसरी, आणि प्लेबुकमध्ये तर एक अक्षर बदललेलं नसतं. म्हणजे ज्या साधनाने ड्रिफ्ट थांबवायचा, त्याच्याचकडून आपण तो करून घेतो. आवृत्तीचा आकडा लिहून ठेवावा आणि वाढवायचा तेव्हा ठरवून वाढवावा. सुरक्षेचे पॅच लावण्याचं काम वेगळं आहे, त्याला स्वतंत्र वेळापत्रक हवं.

चेक मोड नावाची सोय सगळ्यांना आवडते: प्रत्यक्ष काही न बदलता, चालवलं असतं तर काय बदललं असतं ते दिसतं. डिफची जोड दिली तर फाइलीतली कोणती ओळ जाणार आणि कोणती येणार, तेही दिसतं. प्रत्येक बदलाआधी हे पाहण्याची सक्ती टीममध्ये असावी. मात्र त्यावर पूर्ण विसंबू नये. शेल कमांड चेक मोडमध्ये वगळल्या जातात. शिवाय पहिल्या टास्कने जे बसवायचं ते प्रत्यक्षात बसलेलंच नसल्याने दुसरी टास्क उगाच लाल होऊ शकते. म्हणून एक स्टेजिंग सर्व्हर, म्हणजे बदल आधी करून पाहायचा चाचणीचा सर्व्हर, लागतोच.

प्लेबुक गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनात, ठेवली की कोणी, कधी, कशासाठी काय बदललं याची नोंद आपोआप होते, आणि बदल सर्व्हरवर जाण्याआधी दुसरं माणूस तो वाचू शकतं. नाइट कॅपिटलमध्ये दुसऱ्या तंत्रज्ञाने काम तपासावं असा लेखी नियम नव्हता, हे आयोगाने नोंदवलं आहे. इथे तो नियम कामाच्या पद्धतीतच येतो. फक्त पासवर्ड आणि गुप्त की उघड्या स्वरूपात गिटमध्ये जाता कामा नयेत. अ‍ॅन्सिबल व्हॉल्टने त्या कूटबद्ध करून ठेवता येतात. चुकून एखादा पासवर्ड गेलाच तर फाइलीतून पुसून भागत नाही, तो इतिहासात राहतो. पासवर्डच बदलावा लागतो.

पपेट वेगळ्या रीतीने चालतं. प्रत्येक सर्व्हरवर त्याचा एजंट असतो, आणि तो वेगळं काही सांगितलं नसेल तर दर ३० मिनिटांनी मध्यवर्ती सर्व्हरला विचारून स्वतःला सरळ करतो. हाताने केलेला बदल, जर तो पपेटच्या ताब्यातल्या गोष्टीत असेल, तर अर्ध्या तासात उलटतो. शेकडो मशीन असतील आणि शिस्त कडक हवी असेल तर ही पद्धत फार उपयोगी. अ‍ॅन्सिबल आपण चालवू तेव्हाच चालतं, त्यामुळे दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात काय झालं ते त्याला ठाऊक नसतं. निदान रोज रात्री चेक मोडमध्ये एक फेरी लावावी आणि सकाळी पिवळ्या ओळी पाहाव्यात, म्हणजे ती उणीव बरीच भरून निघते.

मशीन जन्माला घालणं हे आणखी वेगळं काम. क्लाउडवर सर्व्हर, नेटवर्क, डिस्क तयार करायला टेराफॉर्म वापरतात. पहिल्यांदा सुरू होताना क्लाउड-इनिट थोडी सेटिंग करतं, आणि तिथून पुढे अ‍ॅन्सिबल. कंटेनर (प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह एकत्र बांधून चालवण्याची पद्धत) आल्यापासून बऱ्याच टीम चालू सर्व्हर बदलण्याऐवजी नवी इमेज, म्हणजे तयार साचा, बनवून जुना सर्व्हर काढून टाकतात. ड्रिफ्टवर हा जास्त खात्रीचा इलाज आहे, आणि जमत असेल तर अवश्य करावा. पण कंटेनर ज्या मशीनवर चालतात ती मशीन, डेटाबेसचे सर्व्हर, ऑफिसातला फाइल सर्व्हर, कॉलेजच्या लॅबमधले संगणक हे सगळे उरतातच.

या साधनांच्या ताकदीची भीतीही बाळगायला हवी. हाताने केलेली चूक एका सर्व्हरवर होते. प्लेबुकमधली चूक काही मिनिटांत सगळीकडे जाते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या एस-थ्री या फाइली साठवणाऱ्या क्लाउड सेवेत एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनुसार काही मोजके सर्व्हर काढण्याची कमांड दिली. तिच्यातलं एक मूल्य चुकलं, भलतेच जास्त सर्व्हर काढले गेले, आणि असंख्य वेबसाइट काही तास अडकल्या. त्यानंतर अमेझॉनने ते साधनच बदललं. क्षमता हळूहळू काढायची, आणि किमान पातळीखाली जाऊ लागली तर थांबायचं, असं त्यात घातलं. अ‍ॅन्सिबलमध्येही हे करता येतं. आधी एकच सर्व्हर, तो नीट प्रतिसाद देतो का हे तपासणारी टास्क, मग दोन, मग उरलेले, आणि मध्ये कुठेही फसलं तर पुढे जायचं नाही. काही न सांगता ठेवलं तर अ‍ॅन्सिबल एका वेळी पाच मशीनवर काम करतं. आठ सर्व्हरच्या टीममध्ये पाच बंद पडणं म्हणजे साइट बंद पडणंच. म्हणून एका वेळी किती सर्व्हर घ्यायचे हे सांगणारी ओळ प्लेबुकमध्ये पहिल्याच दिवशी लिहावी.

सुरुवात कुठून करायची? वर्षानुवर्षं चालू असलेल्या सर्व्हरचं सगळंच्या सगळं प्लेबुकमध्ये आणायला जाऊ नका. महिनाभर काम चालतं, दरम्यान सर्व्हर बदलत राहतात, आणि शेवटी चालवायची हिंमत कोणाला होत नाही. एक छोटा भाग घ्या. मी खाती आणि एसएसएच की आधी घेईन, कारण हा भाग सगळ्या सर्व्हरवर सारखा असतो आणि तो चुकीचा असल्याची किंमत सर्वांत मोठी असते. प्लेबुक लिहा, चेक मोडमध्ये चालवा आणि जे फरक दिसतील ते एकेक करून टीमसमोर ठेवा: ही की कोणाची, हे खातं अजून लागतं का. निर्णय झाला की तो प्लेबुकमध्ये जातो. भाग हिरवा झाला की त्या भागापुरतं हाताने काही करायचं नाही, अगदी रात्री दोन वाजताही. तातडीने करावंच लागलं, तर सकाळी ते प्लेबुकमध्ये आणायचं, नाहीतर पुढच्या फेरीत ते पुसलं जाईल हे सर्वांना माहीत असू द्या. मग घड्याळ, फायरवॉल, लॉग असा एकेक भाग घेत जा.

एसएसएचच्या सेटिंगला हात लावताना मात्र दोन गोष्टी पाळा. नवी फाइल जागेवर जाण्याआधी ती तपासून घेण्याची सोय टेम्प्लेटच्या मॉड्यूलमध्ये आहे, ती वापरा. रूटचे अधिकार कोणाला वापरू द्यायचे ते ठरवणाऱ्या सूडोच्या फाइलसाठीही तेच. आणि प्लेबुक चालवण्याआधी त्या सर्व्हरवर दुसऱ्या खिडकीत एक लॉगिन उघडं ठेवा. एसएसएचची सर्व्हिस रिस्टार्ट झाली तरी ते तुटत नाही. नव्या सेटिंगने तिसऱ्या खिडकीतून आत जाता आलं, की मगच ते बंद करा.